चिंतेने घेरलेल्या मनासाठी ख्रिस्ती ध्यान : तयारी, टप्पे आणि हमखास होणाऱ्या चुका

रात्री अंथरुणावर पडलं की छातीत धडधड सुरू होते. हात मोबाइलकडे जातो. ‘चिंता करू नका’ असं सांगणारं वचन उघडायचं, डोळे घट्ट मिटायचे आणि ते दहा-वीस वेळा म्हणायचं. धडधड काही थांबत नाही. मग तिच्यावर आणखी एक काळजी येऊन बसते : वचन म्हणूनही शांती मिळत नाही, म्हणजे माझा विश्वासच तोकडा असेल का? पाव तासाने माणूस आधीपेक्षा जास्त बेचैन होऊन उठतो आणि ठरवून टाकतो की ध्यान हे आपलं काम नाही.

प्रार्थनागटात ध्यान शिकवताना ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की माझा पहिला प्रश्न आता ठरलेला असतो : कुठल्या क्रमाने केलंत? विश्वास बहुतेकांकडे पुरेसा असतो. क्रम चुकलेला असतो. शरीर अजून पळून जाण्याच्या तयारीत असतं आणि आपण डोक्याला वचन पटवत बसतो. चिंता नेमकी कशाची आहे हे न बघताच तिला हाकलायला जातो. आणि जी शांतता शेवटी यायची, तिच्यापासूनच सुरुवात करतो.

पुढे दिलेला क्रम साधारण २० मिनिटांचा आहे. पहिल्या आठवड्यात १० मिनिटंच केलं तरी चालेल, पण टप्पे गाळू नका. प्रत्येक टप्प्याची वेळ कमी करा, क्रम तोच ठेवा.

## ध्यान म्हणजे नेमकं काय करायचं

पहिल्याच स्तोत्रात धन्य पुरुष परमेश्वराच्या नियमशास्त्राचं रात्रंदिवस मनन करतो असं म्हटलं आहे. तिथला मूळ हिब्रू शब्द ‘हागा’. हलक्या आवाजात पुटपुटणं, असा त्याचा अर्थ. यशया ३१:४ मध्ये शिकारीवर बसलेला सिंह गुरगुरतो तिथे हेच क्रियापद आहे, आणि यशया ३८:१४ मध्ये पारवा घुमतो तिथेही हेच. म्हणजे हे काम ओठांचं, घशाचं, श्वासाचंही आहे. डोळे मिटून मन कोरं करण्याचा प्रयत्न करत बसणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. इथे मन रिकामं करायचं नसून एक छोटं वचन तोंडात धरून ते चघळत राहायचं आहे. काळजी करणाऱ्या माणसाला हे खरं तर जमायला हवं, कारण एकच वाक्य तासन्‌तास घोळवण्याचा सराव त्याला आधीपासूनच असतो. फक्त ते वाक्य बदलायचं आहे.

## सुरू करण्याआधी : हे ध्यानाचं काम आहे की डॉक्टरांचं?

छातीत दुखणं, धाप लागणं, हात-जबडा आखडणं असं पहिल्यांदाच होत असेल तर ध्यानाला बसू नका, ताबडतोब वैद्यकीय मदत घ्या. तीव्र भीतीचा झटका (पॅनिक अटॅक) आणि हृदयाचा त्रास यांतला फरक घरबसल्या ओळखता येत नाही.

दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ झोप उडाली आहे, जेवण जात नाही, रोजची कामं होत नाहीत, कशातच मन लागत नाही, अशी स्थिती असेल तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. त्यासोबत ध्यान जरूर चालू ठेवा. जगू नये असं वाटत असेल किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर आजच, आत्ताच कुणाला तरी सांगा आणि एकटं राहू नका.

चिंतेवरची गोळी चालू असेल तर ध्यान सुरू केलं म्हणून ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. काही औषधं अचानक सोडली की त्रास उलटून येतो. औषध घेणं म्हणजे देवावरचा भरवसा कमी असणं, असं कुणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. हे मी पूर्ण गांभीर्याने सांगते आहे, कारण या एका सल्ल्याने माणसं किती मागे गेलेली मी पाहिली आहेत.

## तयारी

पोट आणि झोप. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा जीव घेऊन रानात पळतो, एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याच्याशी लगेच बोलत नाही. आधी तो झोपतो. देवदूत त्याला उठवून भाकर आणि पाणी देतो. तो पुन्हा झोपतो, पुन्हा खातो. मग ४० दिवसांचा प्रवास, आणि त्यानंतर होरेब डोंगरावरची ती मंद वाणी. उपाशीपोटी, तीन तासांच्या झोपेवर, कडक चहा-कॉफीचे दोन कप रिचवून ध्यानाला बसलेल्या माणसाची घालमेल वाढली तर नवल नाही. कॅफिननेही हृदयाची धडधड वाढते आणि ती चिंतेसारखीच जाणवते. चिंतेचा त्रास चालू असताना मोठे उपवासही टाळा.

वेळ. सकाळ सगळ्यांत चांगली, मोबाइल हातात घेण्याआधीची. ज्यांना सकाळ जमत नाही त्यांनी संध्याकाळ धरावी. रात्री अंथरुणात हा पूर्ण क्रम करू नका. तिथे एक तर झोप लागते किंवा काळज्या जमतात. रात्रीसाठी वेगळा छोटा प्रकार पुढे दिला आहे.

जागा. पाठीला आधार असलेली खुर्ची, दोन्ही पाय जमिनीवर. मांडी घालून बसायची सवय असेल तर तसं बसा. गुडघे टेकून वीस मिनिटं बसल्यावर मन वचनात राहत नाही, गुडघ्यात जातं.

जवळ काय ठेवायचं. छापील पवित्र शास्त्र, एक वही, पेन, वेळ लावायला साधं घड्याळ. मोबाइलवर गजर लावायचा असेल तर तो दुसऱ्या टोकाला, पालथा.

वचन आदल्या दिवशी निवडा. तयारीतली सगळ्यांत मोठी चूक इथे होते. बसल्यावर पानं उलटत वचन शोधणं म्हणजे ध्यानाची दहा मिनिटं घालवणं. त्याहून महत्त्वाचं, चुकीचं वचन निवडलं जातं. चिंता आहे म्हणून माणूस थेट ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ (फिलिप्पै ४:६) यावर जातो. वचन उत्तम आहे, पण ती आज्ञा आहे. घाबरलेल्या जिवाला सुरुवातीला आज्ञा दिली की त्याला ती दटावणी वाटते. हे पत्र लिहिणाऱ्या पौलाने स्वतः काय केलं पाहा. त्याच्या आधीच्याच वचनाचा शेवट ‘प्रभू समीप आहे’ असा आहे. आधी जवळीक सांगितली, मग आज्ञा.

म्हणून पहिले दोन-तीन आठवडे अशी वचनं घ्या ज्यांत देव काय आहे किंवा काय करतो हे सांगितलं आहे :

- स्तोत्र २३ मधलं ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ किंवा ‘तू माझ्याबरोबर आहेस’
- फिलिप्पै ४:५ मधलं ‘प्रभू समीप आहे’
- १ पेत्र ५:७ मधलं ‘तो तुमची काळजी घेतो’. हे स्वतःसाठी ‘तो माझी काळजी घेतो’ असं म्हणा

एकच वचन सात दिवस. रोज नवं वचन घेण्याचा मोह होतो, आणि त्याने ध्यानाचं वाचन होऊन जातं.

> तपासून पाहा : निवडलेला तुकडा एका श्वासात म्हणता येतो का? येत नसेल तर तो लांब आहे. तोडा.

## टप्पा १ : शरीराला थांबवणं (३ मिनिटं)

बसा. तळपाय जमिनीला टेकलेले जाणवू द्या. खांदे कानांकडे चढलेले असतील तर सोडा. दात एकमेकांवर दाबलेले असतील तर जबडा सैल करा. डोळे मिटलेच पाहिजेत असं नाही. काहींना डोळे मिटले की भीती वाढते. त्यांनी नजर खाली, जमिनीवर एका जागी ठेवावी.

आता श्वास. नाकाने ४ आकडे मोजत घ्या, ६ आकडे मोजत सोडा. म्हणजे एक श्वास साधारण १० सेकंदांचा, मिनिटाला ६. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून सोडणं लांब ठेवायचं. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा अभ्यास आला होता. २३ निरोगी प्रौढांना लॅटिनमध्ये रोझरीतली (कॅथलिक जपमाळेतली) ‘आवे मारिया’ ही प्रार्थना आणि एक योगमंत्र म्हणायला लावला, तेव्हा दोन्ही वेळा श्वास आपोआप मिनिटाला ६ च्या आसपास आला आणि हृदयाचे ठोके व रक्तदाब यांची लयही जुळून आली. पुढे तिसऱ्या टप्प्यात वचन श्वासावर म्हणायचं आहे, त्यामागे हेही कारण आहे.

श्वासावर लक्ष देणं ख्रिस्ती माणसाने करावं का, असं काही जण विचारतात. श्वास ज्याने दिला त्याच्यापुढेच आपण बसलेलो असतो. यात मला तरी काही अडचण दिसत नाही.

> सावध : श्वास हळू घ्या, खोल नको. छाती फुगवून जोरजोरात खोल श्वास घेतले की शरीरातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि माणूस ‘मला काहीतरी होतंय’ म्हणून आणखी घाबरतो. तसं झालं तर मोजणं सोडून द्या आणि नेहमीसारखा श्वास घ्या.

श्वासाकडे लक्ष देताच घुसमटल्यासारखं होणारीही माणसं असतात. त्यांनी श्वासाच्या वाटेला जाऊ नये. हातात क्रूस, मणी किंवा एखादा गुळगुळीत दगड धरावा आणि त्याचा स्पर्श जाणवू द्यावा. तेवढ्याने हा टप्पा पूर्ण होतो.

## टप्पा २ : चिंता उलगडून समोर ठेवणं (४ मिनिटं)

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. ‘देवासमोर बसल्यावर काळज्या आणायच्या नाहीत’ असं कुठेतरी मनात बसलेलं असतं. मग त्या मागच्या दाराने येतात आणि वचनाच्या मध्ये मध्ये उभ्या राहतात.

२ राजे १९:१४ मध्ये हिज्कीया राजाला शत्रूकडून धमकीचं पत्र येतं. तो ते वाचतो, मंदिरात जातो आणि परमेश्वरापुढे उलगडून ठेवतो. आपल्यालाही तेच करायचं आहे, शब्दशः.

वही उघडा. आजची चिंता एका वाक्यात लिहा. जास्तीत जास्त तीन चिंता, प्रत्येकीला एक वाक्य. वाक्य नेमकं हवं. ‘सगळंच बिघडलंय’ हे वाक्य चालणार नाही, कारण त्याला धरता येत नाही. ‘सोमवारी तपासणीचा अहवाल येणार आहे आणि त्यात वाईट निघेल याची मला धास्ती वाटते’ हे चालेल. ‘मुलगा आठ दिवस माझ्याशी नीट बोलला नाही आणि तो माझ्यापासून तुटेल असं वाटतं’ हे चालेल. वाक्यात घटना हवी आणि भीतीही हवी.

लिहिलेलं हळू आवाजात देवाला वाचून दाखवा. सुरुवात ‘प्रभू’ने करा. मग वही मिटू नका. उघडीच ठेवा, पण हाताभर बाजूला सरकवा. आता ते पत्र त्याच्यापुढे आहे.

पुष्कळांना इथे अपराधी वाटतं. त्यांनी गेथशेमाने बागेतला प्रसंग वाचावा (मत्तय २६:३६-४६). येशू खिन्न आणि व्याकूळ झाला होता, ते त्याने तिघा शिष्यांना उघड सांगितलं आणि जवळ थांबायला सांगितलं. घालमेल होणं म्हणजे पाप केलं असं नाही.

> तपासून पाहा : तुमची वाक्यं ‘प्रभू, तू…’ अशी आहेत की ‘जर असं झालं तर… आणि मग तसं झालं तर…’ अशी? दुसऱ्या प्रकारची असतील तर प्रार्थना थांबून नुसती चिंता सुरू झाली आहे. तोंडाने ‘प्रभू, प्रभू’ म्हणत अर्धा तास चिंताच उगाळता येते आणि ते लक्षातही येत नाही. चार मिनिटांचा गजर याच्यासाठीच. तो वाजला की वाक्य अर्धं असलं तरी पुढे जा.

## टप्पा ३ : वचन पुटपुटणं (७ मिनिटं)

आता निवडलेलं वचन. पहिल्यांदा पवित्र शास्त्रातून आजूबाजूच्या दोन-चार ओळींसह सावकाश वाचा. दुसऱ्यांदा फक्त ते वचन. मग पुस्तक बाजूला ठेवा.

वचन दोन तुकड्यांत श्वासावर टाका. श्वास घेताना मनात ‘परमेश्वर’, सोडताना ओठांनी, अगदी हळू, ‘माझा मेंढपाळ आहे’. किंवा घेताना ‘प्रभू’, सोडताना ‘समीप आहे’. आवाज स्वतःला ऐकू येईल एवढा असू द्या.

साधारण दहा-बारा वेळा म्हटल्यावर एखादा शब्द जड होतो. कुणाला ‘माझा’ शब्दावर थांबावंसं वाटतं, कुणाला ‘समीप’वर. थांबा तिथे. त्या शब्दावर जोर देऊन म्हणा. आज असा कुठलाच शब्द सापडला नाही तर शोधत बसू नका, म्हणत राहा. शोधणं ही पुन्हा धडपडच, आणि चिंतेच्या माणसाला धडपडायला एक नवं कारण मिळतं.

मन भटकेल. त्याला रागावू नका. भटकलेलं लक्षात आलं त्या क्षणी पुढच्या श्वासावर वचन परत सुरू करा, बस. कितीदा भटकलं याचा हिशेब ठेवू नका. दुसऱ्या टप्प्यातली चिंता पुन्हा डोकावली तर बाजूला ठेवलेल्या वहीकडे एकदा बघा. ती तिथे आहे, त्याच्यापुढे आहे. आणि वचनाकडे या.

एक शंका हमखास येते : तेच ते शब्द म्हणणं म्हणजे मत्तय ६:७ मधली ‘व्यर्थ बडबड’ नाही का? तिथे येशूने ज्या समजुतीला नाव ठेवलं ती अशी, की पुष्कळ बोललं की देव ऐकतो. देवाला पटवण्यासाठी आपण पुटपुटत नाही, ते वचन आपल्यात उतरावं म्हणून पुटपुटतो. त्याच मत्तयात गेथशेमानेमध्ये येशूने तिसऱ्यांदाही तेच शब्द बोलून प्रार्थना केली (२६:४४). आणि स्तोत्र १३६ मध्ये देवाच्या सनातन दयेचं एकच पालुपद २६ वेळा येतं.

वचनाऐवजी जुनी येशूप्रार्थना वापरायची असेल तर तीही याच टप्प्यात : ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.’ पण ज्यांची चिंताच अपराधभावाची आहे, त्यांनी ‘पापी’ हा शब्द सध्या बाजूला ठेवून ‘येशू, माझ्यावर दया कर’ एवढंच म्हणावं. लूक १८:३८ मध्ये वाटेवरचा आंधळा जवळजवळ हेच ओरडला. त्याला दृष्टी हवी होती. दया म्हणजे क्षमा जशी, तशी मदतही.

> सावध : अमुक वेळा म्हटलं नाही तर वाईट होईल, एखादा शब्द चुकला म्हणून पुन्हा पहिल्यापासून, देवाविषयी घाणेरडे विचार आपोआप येतात आणि ते पुसायला प्रार्थना, असं होत असेल तर हा टप्पा थांबवा. हा चिंतेशी जवळचं नातं असलेला, ओळखता येणारा, उपचार असलेला आजार (ओसीडी) असू शकतो. पुटपुटण्याने तो वाढतो. मानसोपचारतज्ज्ञांशी बोला, आणि तोवर दिवसातून एकदा प्रभूची प्रार्थना (येशूने शिष्यांना शिकवलेली, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ने सुरू होणारी) म्हणा, चुकली तरी परत न म्हणता.

## टप्पा ४ : त्याच्याशी बोलणं (३ मिनिटं)

स्तोत्र २३ लक्ष देऊन वाचलं तर एक गोष्ट दिसते. पहिल्या तीन वचनांत दावीद देवाविषयी बोलतो : तो मला नेतो, तो माझा जीव ताजातवाना करतो. चौथ्या वचनात मृत्युच्छायेची दरी येते, आणि नेमकं तिथे ‘तो’चा ‘तू’ होतो. चौथ्या टप्प्यात हेच घडायचं असतं.

आतापर्यंत वचन म्हणत होतात. आता त्यातून जे सुचलं ते साध्या बोलीत देवाला सांगा. घरात आईशी किंवा जिवलगाशी बोलता तसं. प्रार्थनेची भारदस्त भाषा इथे अडसर होते. ‘तू मेंढपाळ आहेस म्हणतोस, पण मला आज तू दिसत नाहीस’ हे वाक्यही चालतं. स्तोत्र १३ ची सुरुवातच ‘किती काळ?’ अशा प्रश्नांनी होते, आणि स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं. तरी ती दोन्ही प्रार्थनाच आहेत.

मागणी स्पष्ट करा. आणि एक आभार माना, पण खरा. फिलिप्पै ४:६ मध्ये आभारप्रदर्शन मागणीच्या सोबतीने येतं, मागणीच्या जागी येत नाही. दुःख दाबून ‘सगळ्याबद्दल धन्यवाद’ म्हणणाऱ्यांचा आवाज कोरडा पडतो. काल रात्री पाच तास सलग झोप लागली याबद्दल आभार माना, पुरे.

## टप्पा ५ : गप्प बसणं (२ मिनिटं)

फक्त दोन मिनिटं. काही म्हणायचं नाही, काही मागायचं नाही. स्तोत्र १३१ मध्ये दूध तुटलेलं मूल आईजवळ असतं तसा माझा जीव आहे, असं म्हटलं आहे. दूध तुटलेलं मूल आता काही मागायला आलेलं नसतं, नुसतं टेकून असतं.

जे लोक थेट इथून सुरुवात करतात त्यांना हा टप्पा छळतो, कारण चिंतेने भरलेल्या डोक्याला रिकामी शांतता दिली की ते ती चिंतेनेच भरतं. आधीचे चार टप्पे झाल्यावर दोन मिनिटं झेपतात. महिन्याभराने पाच करा. नाही झेपली तर वचनातला तो एक जड शब्द हळूच म्हणा आणि सोडून द्या. काही जण यासाठी ‘मरानाथा’ हा अरामी शब्द वापरतात (१ करिंथ १६:२२). ‘आमच्या प्रभू, ये’ असा त्याचा अर्थ घेतला जातो. म-रा-ना-था, चारही अक्षरं सारखी, सावकाश.

> सावध : शांततेत जुनी जखम, एखादा अत्याचाराचा किंवा अपघाताचा प्रसंग उसळून आला तर ‘सहन करायला हवं’ म्हणून बसून राहू नका. डोळे उघडा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या, उठून पाणी प्या. हा टप्पा काही काळ वगळा आणि त्या प्रसंगाबद्दल जाणत्या समुपदेशकाशी बोला.

## टप्पा ६ : उठण्याआधी एक काम (१ मिनिट)

बाजूची वही परत घ्या. लिहिलेल्या चिंतांपैकी ज्यात आज आपल्या हातात काहीतरी आहे, तिच्यासमोर एकच काम लिहा. अहवालाची वेळ फोन करून विचारणं. मुलाला फक्त ‘जेवलास का’ असा निरोप धाडणं. ज्या चिंतेत आज काहीच हातात नाही तिच्यासमोर ‘तुझ्याकडे’ एवढं लिहा. ‘ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे’ हे मत्तय ६:३४ मधलं वाक्य इथे कामाला येतं.

प्रभूची प्रार्थना म्हणून उठा. हळू उठा.

## दिवसा मध्येच घालमेल झाली तर

वीस मिनिटं मिळत नाहीत. पाय जमिनीवर दाबा, श्वास सोडताना सकाळचं वचन म्हणा, तीन वेळा. सकाळी सात मिनिटं पुटपुटलेलं असेल तरच ते इथे हाताशी येतं. नवं वचन अशा वेळी उपयोगी पडत नाही.

तीव्र भीतीचा पूर्ण झटका आला आणि तो तोच आहे हे डॉक्टरांकडून आधी कळलेलं असेल, तर डोळे उघडे ठेवा आणि शांत बसायचा हट्ट सोडा. थंड पाण्याने तोंड धुवा, चालायला लागा, श्वास सोडताना ‘येशू’ एवढंच म्हणा. असा झटका सहसा दहा मिनिटांच्या आत टोकाला जातो आणि मग ओसरतो. तो थांबावा म्हणून प्रार्थना करताना ‘अजून का थांबत नाही’ असं तपासत राहिलं तर तो लांबतो. तो असताना तू सोबत राहा, असं मागा.

बसणं अजिबातच जमत नसेल तर बाहेर पडा. डोंगरावरच्या प्रवचनात येशूने काळजी करणाऱ्यांना पाखरांकडे आणि रानातल्या फुलांकडे बघायला सांगितलं. लोक ते दृष्टांत म्हणून वाचतात आणि पुढे जातात. ती सूचना आहे. एक पक्षी निवडा आणि तो उडून जाईपर्यंत खरोखर बघा.

## रात्रीसाठी

दिवसाचं अवलोकन करण्याची, जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांची पद्धत प्रसिद्ध आहे : आभार, प्रकाश मागणं, दिवस आठवणं, चुकांची क्षमा, उद्याची मदत. चिंतेच्या माणसाने त्यात एक बदल करावा असं माझं मत आहे. चुकांवर एक मिनिट, त्याहून जास्त नाही. रात्री चुका उकरायला घेतल्या की त्यांना अंत नसतो. त्याऐवजी दिवसात आपण कुठल्या क्षणी थोडे सैल झालो होतो ते आठवा, अगदी अर्धं मिनिट का असेना. हे सगळं अंथरुणाबाहेर, पाच मिनिटांत. मग दिवा मालवून स्तोत्र ४:८ मधली निर्धास्त झोपेची ओळ म्हणत पडा. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर लोळत म्हणत राहू नका. उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसा, झोप आली की परता.

## एवढं करूनही अडतं ते कुठे

काही जण शांती मिळाली का हे दर दोन मिनिटांनी चाचपून पाहतात. भाकरी तव्यावर टाकून सारखी उचलून पाहण्यासारखं आहे ते. फिलिप्पै ४:७ मध्ये देवाची शांती अंतःकरणं ‘राखील’ असं म्हटलं आहे. मूळ ग्रीक शब्द पहारेकऱ्यांनी राखण करण्याचा आहे. पहारेकरी दाराशी असतो. घरातल्याला तो दर वेळी दिसेलच असं नाही.

काही जण फक्त वाईट दिवशी बसतात. मग मेंदूला ध्यान आणि भीती यांची जोडीच लागते आणि खुर्चीवर बसलं तरी धडधडतं. बऱ्या दिवशीही बसा. उलट त्या दिवसांतच सवय लागते.

आणि काही जण एकटेच झुंजतात. येशूने गेथशेमानेत तिघांना सोबत नेलं होतं. आठवड्यातून एकदा तरी एका विश्वासू माणसापाशी, पाळकांपाशी, धर्मगुरूंपाशी किंवा मित्रापाशी वहीतलं एक वाक्य मोठ्याने वाचा. समोरच्याने सल्ला द्यायचा नाही, फक्त ऐकायचं आणि प्रार्थना करायची, हे आधीच सांगून ठेवा.

## चार आठवड्यांनी काय बघायचं

त्याआधी निकाल लावू नका. चार आठवड्यांनंतरही ‘चिंता गेली का?’ असं विचारू नका, कारण काही चिंता खऱ्या असतात आणि त्या राहणारच. हे विचारा : चिंता आल्यावर तिच्यातून परतायला आधी किती वेळ लागायचा, आता किती लागतो? रात्री किती वेळा जाग येते? घरच्यांवर खेकसणं कमी झालं का? हा शेवटचा प्रश्न घरच्यांनाच विचारा.

यातलं काहीच हललं नसेल, किंवा त्रास वाढला असेल, तर ती तुमच्या प्रार्थनेची परीक्षा समजू नका. डॉक्टरांकडे जा आणि वहीही सोबत न्या. चार आठवड्यांच्या नेमक्या वाक्यांत लिहिलेली भीती त्यांनाही उपयोगी पडते.

थोडंसं हललं असेल तर वहीची जुनी पानं उलटा. ‘तुझ्याकडे’ असं लिहिलेल्या ओळींपुढे पुढे काय झालं ते आजच्या तारखेसह एका शब्दात लिहा. जिथे अजून काहीच झालेलं नाही तिथे जागा मोकळी सोडा, आणि पुढच्या आठवड्याचं वचन निवडा. फिलिप्पै ४:६ घ्यायला आता हरकत नाही.